सभासद आणणं तुम्हाला येतं, आता टिकवणं शिका

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई म्हापशाच्या, वय 37. मार्केटिंगमध्ये 13 वर्षं झाली: पाच मुंबईत, तीन सिंगापुरात आणि आता पाच दुबईत. तिथे मैत्रिणींचा एक बुक क्लब चालवतात आणि हेच काम पूर्णवेळ करायचं त्यांच्या मनात आहे. आधी बाहेर अनुभव घ्यायचा, मग गोव्यात परतायचं. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: अशी नोकरी खरंच असते का, काय शिकावं लागेल, आणि गोव्यात यावर पोट भरेल का.

मी पणजीची, तिथल्या मळा भागात वाढले. मुंबईत जाहिरात एजन्सीत सुरुवात केली, 2001 साली इंग्लंडला गेले. टपालाने पुस्तकं पाठवणाऱ्या एका क्लबाच्या मार्केटिंग विभागात सात वर्षं आणि मग जर्मनीत दोन वर्षं काढली. 2011 पासून गोव्यात वाचनकट्टे चालवते. तुमच्यासारख्याच वाटेने आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्याच प्रश्नात एक गाठ आहे, ती आधी सोडवू. ‘बुक क्लब’ या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एक, दर महिन्याला सभासदाच्या घरी पुस्तक पाठवणं. दोन, दहा-बारा माणसं एकत्र बसून वाचलेल्या पुस्तकावर बोलणं. पहिलं काम मार्केटिंगवाल्यांनीच जन्माला घातलं. अमेरिकेतला ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ 1926 साली हॅरी शेरमन यांनी सुरू केला. ते जाहिरातींचे मजकूर लिहिणारे होते. सुरुवातीचे सभासद 4,750, आणि तीन-चार वर्षांत आकडा लाखावर गेला. त्यांची युक्ती अशी की महिन्याचं पुस्तक नको असेल तर सभासदाने तसं कळवायचं; कळवलं नाही तर पुस्तक आपोआप घरी येणार आणि बिलही येणार. जर्मनीत बर्टेल्समान या प्रकाशनसंस्थेने 1950 मध्ये असाच क्लब काढला आणि चार वर्षांत दहा लाख सभासद जमवले.

दुसऱ्या कामाचं मोठं उदाहरण लंडनचं. प्रकाशक व्हिक्टर गोलांझ यांनी 1936 मध्ये ‘लेफ्ट बुक क्लब’ काढला. त्यात दर महिन्याला पुस्तक मिळायचं, पण त्याच्या जोडीला गावोगावी चर्चागट उभे राहिले. 1939 पर्यंत सभासद 57,000 आणि गट सुमारे 1,500. त्या क्लबाचं राजकारण पटो न पटो, ती रचना शिकण्यासारखी आहे. आपल्याकडे ग्रंथालीने 1970 च्या दशकात वाचक चळवळ म्हणून जे केलं त्याचा पिंडही हाच. सभासदांच्या जोरावर पुस्तक स्वस्तात काढायचं आणि पुस्तक घेऊन वाचकांपर्यंत स्वतः जायचं. त्यातूनच दलित आणि भटक्या समाजातल्या लेखकांची आत्मकथनं मराठी मध्यमवर्गाच्या घरात पोहोचली.

तुमचं 13 वर्षांचं शिक्षण पहिल्या कामाला लगेच उपयोगी पडेल. तुमचं मन मात्र दुसऱ्यात आहे, हे तुमच्या प्रश्नातून दिसतं. मधला पूल बांधायला एकच कौशल्य लागतं आणि ते बहुतेक मार्केटिंगवाल्यांकडे कच्चं असतं: आलेला माणूस टिकवणं.

माझ्याकडेही ते नव्हतं. इंग्लंडच्या कंपनीत माझ्याकडे वर्तमानपत्रातल्या पत्रकांचं काम होतं. ‘आज सभासद व्हा, चार पुस्तकं नाममात्र किमतीत.’ बोनस नव्या नावांवर मिळायचा. दुसऱ्या वर्षी मी हौसेने जुन्या याद्या काढून बसले आणि लक्षात आलं की ज्या मोहिमेबद्दल मला शाबासकी मिळाली होती, त्याच मोहिमेची माणसं सगळ्यात लवकर गेली होती. स्वस्त पुस्तकांसाठी आलेली, सभासद होताना कबूल केलेली बंधनातली खरेदी पुरी केली आणि निघाली. वरिष्ठांना दाखवलं, पण तक्त्यात नव्या सभासदांचा रकाना होता, गेलेल्यांचा नव्हता. तेव्हापासून मी स्वतःच्या वहीत तो रकाना ठेवते. बर्टेल्समाननेही जर्मनीतला क्लब 2015 मध्ये बंद केला. इंटरनेटवरच्या दुकानांनी तडाखा दिला हे खरं, पण बंधनाने धरलेली माणसं पर्याय दिसताच सुटणार होती, असं माझं मत आहे.

हिशेब करून बघा. 100 सभासद आहेत आणि महिन्याला दहा टक्के गळती आहे, तर वर्षाअखेर 28 उरतात. पाच टक्के असेल तर 54, तीन टक्के असेल तर 69. जाहिरातीवर दुप्पट खर्च करून जे साधत नाही ते गळती दहावरून पाचवर आणून साधतं. मुलाखतीत तुम्ही हे आकडे स्वतःच्या कामातून मांडू शकलात, तर समोरचा पुस्तकांबद्दल पुढचे प्रश्न विचारेल. नाहीतर तुम्ही आणखी एक मोहिमा काढणारी व्यक्ती ठरता.

म्हणून दुबईत आत्ता जी नोकरी आहे ती लगेच सोडू नका. त्याच कंपनीत किंवा दुसरीकडे सबस्क्रिप्शन, लॉयल्टी, मेंबरशिप असलं काम मागून घ्या, भले ते कॉफीचं असो वा व्यायामशाळेचं. दोन वर्षं. नोकरीच्या जाहिरातीत ‘बुक क्लब मॅनेजर’ हे पद क्वचित दिसतं. तेच काम मेंबरशिप मॅनेजर, कम्युनिटी मॅनेजर, रीडर एंगेजमेंट अशा नावांनी असतं आणि प्रकाशनसंस्था, साखळी दुकानं, साहित्य महोत्सव, ग्रंथालयं ते देतात. पगार तुमच्या आत्ताच्या पगारापेक्षा कमी असेल. ही गोष्ट घरच्यांशी आधीच बोलून घ्या. मी बोलले नव्हते, त्याचा त्रास झाला.

तुम्ही बसलाय ती जागा या कामाला चांगली आहे. शारजाचा आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळा 1982 पासून भरतो, हल्ली नोव्हेंबरात. त्याच्या आधी प्रकाशकांची परिषद असते. दुबईतला एमिरेट्स साहित्य महोत्सव 2009 पासून चालू आहे. 2019 मध्ये शारजा युनेस्कोची जागतिक पुस्तक राजधानी होती, आणि 2022 मध्ये दुबईत मोहम्मद बिन राशिद ग्रंथालय उघडलं. एवढ्या संस्थांना कार्यक्रम लावणारी, माणसं सांभाळणारी, दोन-तीन भाषांत वावरणारी माणसं लागतात. पहिल्या वर्षी स्वयंसेवक म्हणून जा. एक सांभाळा: तिथे पैसे घेऊन गट चालवायचा तर परवाना लागतो. मैत्रिणींचा गट आहे तोवर वर्गणी गोळा करू नका.

सिंगापुरात असताना तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालय मंडळाचं काम पाहिलंत का? 2016 पासून त्यांची राष्ट्रीय वाचन चळवळ सुरू आहे आणि तिचा एक भाग थेट कचेऱ्यांत जाऊन वाचनगट बांधण्याचा आहे. गोव्यात परतल्यावर पैसा नेमका इथूनच येतो, त्याकडे पुढे येते. ब्रिटनमध्ये अनेक सार्वजनिक ग्रंथालयं वाचनगटांना एकाच पुस्तकाच्या दहा-बारा प्रतींचा संच उसना देतात. साधी गोष्ट आहे, पण ‘पुस्तक मिळालं नाही’ ही सबब तिथे संपते. आपल्याकडे नाशिकहून 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेच्या पेट्या दुबईपर्यंत पोहोचल्या आहेत. तुमच्या आसपासच्या मराठी कुटुंबांत चौकशी करा. पेटी कोणाकडे अडते, कोण सगळी पुस्तकं परत देतं, कोण नेऊन न वाचता ठेवतं, हे पाहणं म्हणजे फुकटातलं शिक्षण आहे.

शिकण्याबद्दल विचारलंत. पदवीच हवी असं नाही. प्रकाशनव्यवहार कळावा म्हणून नॅशनल बुक ट्रस्टचा किंवा कोलकात्याच्या सीगल स्कूल ऑफ पब्लिशिंगचा अभ्यासक्रम चांगला. पण माणसाला पुस्तकापर्यंत आणायचं कसब ज्यांना शिकायचं आहे त्यांना मी टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचा ग्रंथालय-शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम सुचवते. तो मुलांच्या ग्रंथालयांसाठी आहे, तरी मोठ्यांच्या कट्ट्यालाही तितकाच लागू पडतो. आणि सुट्टीत गोव्यात याल तेव्हा बुकवर्म या संस्थेचं काम बघा. 2005 पासून ते मुलांच्या हातात पुस्तक देताहेत, शाळांत आणि गावांत. तिथे दोन दिवस नुसतं बसा. मूल पुस्तक उघडत नाही तेव्हा ताई काय करते, ते बघा.

आता गोव्याकडे वळते, कारण मला खरं सांगायचंय ते इथलं आहे.

2011 मध्ये परत आले तेव्हा मी अगदी मार्केटिंगवालीसारखी वागले. पणजीत हॉटेलचं सभागृह घेतलं, वर्तमानपत्रात बातमी दिली, पत्रकं वाटली. पहिल्या बैठकीला 64 माणसं आली. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या महिन्याला 31. तिसरी बैठक नेमकी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात ठेवली होती, आणि मी पणजीची असून ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं! नऊ जण आले. चौथ्या महिन्यात सभागृहाचं भाडं परवडेना, तेव्हा त्या नऊ जणांना मी काकांच्या घरी पर्वरीला बोलावलं आणि बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसलो. तिथल्या बांधीव सोप्यावर चौघं, बाकीचे खुर्च्यांवर. बाहेर पाऊस, वीज गेलेली, चहा. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कोणी तरी म्हणालं, ‘‘मला हे पुस्तक मुळीच आवडलं नाही,’’ आणि दोन तास कोणी उठलं नाही. त्या नवातली सहा माणसं आजही येतात. चौसष्ट माणसांच्या सभागृहात ते वाक्य कोणी बोललं नसतं.

तेव्हापासून माझा कट्टा बारा माणसांच्या वर जात नाही. तेरावा आला की दुसरा कट्टा. आज पणजी, म्हापसा आणि फोंडा असे तीन आहेत. बारा माणसांत प्रत्येकाला बोलायला मिळतं, आणि एक जण आला नाही तर ते इतरांना जाणवतं. हे जाणवणं महत्त्वाचं. गैरहजर माणसाला दुसऱ्या दिवशी फोन जातो, तोही माझा नाही, कट्ट्यातल्या कोणाचा तरी. तुमच्या भाषेत हे रिटेन्शन. कोणतंही सॉफ्टवेअर हे करत नाही.

गोव्यात पुस्तकाची भाषा आणि बोलण्याची भाषा वेगळी असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हापशाच्या कट्ट्यावर पुस्तक मराठी आणि चर्चा बहुतेक कोंकणीत. सुरुवातीला मी मराठीचा आग्रह धरला, आणि दोन बायका गप्प बसायच्या. त्यातली एक पुढे बोलायला लागली ती कोंकणीत, आणि तिच्याइतकं बारीक वाचणारं त्या कट्ट्यावर कोणी नाही. मराठी-कोंकणी वादाच्या जखमा आपल्याकडे जुन्या आहेत. कट्ट्याच्या उंबरठ्यावर त्या उघडायच्या नाहीत. ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत त्याने बोलावं.

मग प्रश्न येतो न वाचता आलेल्यांचा. ‘‘हांवें अर्देंच वाचलां’’ (मी अर्धंच वाचलंय) हे वाक्य तुम्हाला दर महिन्याला ऐकू येईल. अशा माणसाला लाज वाटली तर तो पुढच्या वेळी येत नाही, म्हणजे गळती इथे सुरू होते. माझा उपाय घरातूनच आला. श्रावणात आजी पोथी वाचायची आणि सगळं घर ऐकायचं. कोणी आधी वाचून आलंय का हे विचारलं जात नसे. प्रत्येक बैठकीत पहिली पंधरा मिनिटं आम्ही त्या पुस्तकातली चार-पाच पानं मोठ्याने वाचतो. मग बोलणं त्या पानांपासून सुरू होतं. अर्धं वाचलेल्यालाही धरायला काही मिळतं, आणि पूर्ण वाचलेल्याला ती पानं नव्याने ऐकू येतात. ‘कसं वाटलं पुस्तक?’ असा प्रश्न मी कधी विचारत नाही. त्याचं उत्तर ‘छान’ असतं आणि तिथे बोलणं संपतं. ‘ती घर सोडून गेली तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूने होता?’ असं विचारलं की माणसं खुर्ची पुढे ओढतात.

पुस्तक निवडणं हे निम्मं काम. सगळ्यांना आवडेल असं पुस्तक कट्ट्याला चालत नाही. मतभेद व्हायला हवा. आणि नाव जाहीर करण्याआधी प्रकाशकाला फोन करून पंधरा प्रती मिळतील का ते विचारायचं. मराठी आवृत्त्या लहान असतात, जुनं पुस्तक संपलेलं असतं, पुण्या-मुंबईहून गोव्यात यायला वेळ लागतो. माझी एक निवड याच कारणाने फुकट गेली. मग कोणी तरी पीडीएफ फिरवतो. ते होऊ देऊ नका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, आणि ज्या लेखकावर प्रेम म्हणून आपण जमतो त्याचाच घास काढणं बरं दिसत नाही. पणजीच्या पाट्टोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा भरपूर उपयोग करा. 1832 सालापासूनची परंपरा आहे त्याची. तिथल्या माणसांशी ओळख वाढवा, वर्षाची यादी आधी द्या.

वर्षाची आखणी इथल्या ऋतूंप्रमाणे करा. जाडजूड पुस्तक जूनमध्ये द्यायचं. जून-जुलैत गोवा वाचतो, दुसरं करायला काही नसतं. चवथीच्या महिन्यात बैठक नाही. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, मग जत्रा, लग्नं, पाहुणे, जत्रेतली नाटकं. फोंड्याच्या कट्ट्यावर तेव्हा दीडशे पानांच्या वर काही देत नाही. मार्चमध्ये शिगमो आणि परीक्षा. हे कॅलेंडर दुबईत बसून करता येणार नाही, पण तुम्ही म्हापशाच्या आहात, तुमच्या अंगात ते आहे.

पोट भरेल का? नुसत्या पुस्तकांच्या खोक्यावर नाही. 400 रुपये छापील किमतीचं पुस्तक 30 टक्के सूट मिळाली तर 280 ला पडतं. कुरियर 60, खोका-कागद 25, ऑनलाइन पैसे घेण्याचा खर्च आठ रुपये धरा. उरतात 27. दोनशे सभासद असले तरी महिन्याला 5,400. त्यातून दहा पुस्तकं ओली होऊन परत आली की संपलं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण तुमचं चर्चेचं शुल्क ही सेवा आहे, तिला 18 टक्के. 20 लाखांच्या उलाढालीची मर्यादा मोजताना करमाफ पुस्तकांची विक्रीही धरली जाते, हे अनेकांना उशिरा कळतं. पहिल्याच वर्षी चार्टर्ड अकाउंटंट गाठा.

दर महिन्याला आपोआप पैसे कापून घेण्याची जुनी पद्धत इथे तशी चालत नाही, आणि ते चांगलंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 2021 पासून प्रत्येक कपातीच्या 24 तास आधी ग्राहकाला सूचना जाते. म्हणजे दर महिन्याला सभासद ठरवतो, राहू की जाऊ. शिवाय 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सबस्क्रिप्शनचा सापळा लावणं ही ग्राहकांची फसवणूक ठरते. बाहेर पडायची वाट पहिल्या पानावर ठळक लिहा. मी तिमाही वर्गणी घेते, कोणी सोडलं तर उरलेले पैसे परत करते.

माझी मिळकत मुख्यतः तीन ठिकाणांहून येते. वेर्ण्यातल्या औषध कंपन्यांसारख्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कर्मचाऱ्यांचे वाचनगट: ते संस्था पैसे भरून चालवतात, आणि इथे तुमचं कॉर्पोरेट बोलणं कामी येईल. दुसरं शाळांचं काम. तिसरं, हिवाळ्यात आसगाव-हळदोण्याकडे येऊन राहणाऱ्यांचा इंग्रजी कट्टा. त्यांच्याकडून जास्त शुल्क घेते आणि त्यावर फोंड्याचा मराठी कट्टा जवळपास फुकट चालतो. हे मी दोन्हीकडे उघड सांगते. इंग्रजी कट्ट्यातल्या दोघी आता मराठी वाचायला शिकताहेत.

तेव्हा क्रम असा धरा: दुबईत दोन वर्षं टिकवण्याचं काम आणि शारजा-दुबईच्या संस्थांत ओळखी, मग जमल्यास दोन-तीन वर्षं परदेशातल्या एखाद्या प्रकाशनसंस्थेत किंवा ग्रंथालयात, आणि मग म्हापसा. वयाची काळजी करू नका, मी 41 व्या वर्षी परतले.

आणि आजपासून दुबईतल्या त्या गटाची एक वही ठेवा. कोण आलं, कोण आलं नाही, का आलं नाही, कोणत्या पानावर बोलणं पेटलं, कोणी पहिल्यांदा तोंड उघडलं. बारा बैठकांची अशी वही घेऊन मुलाखतीला जा, आणि बायोडेटाच्या आधी ती टेबलावर ठेवा.